माळ्यावरच्या ट्रंकेत काय निघेल?

बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी, कागल. या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या कौलारू घरात माळ्यावर चढलात तर तीन गोष्टी हमखास सापडतात. लग्नातली मोठी पितळी भांडी, कुणीतरी कधीतरी दुरुस्त करेल म्हणून ठेवलेला टेबलफॅन आणि काळी लोखंडी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली असते. आत डांबराच्या गोळ्यांच्या वासातला गणवेश, फडक्यात बांधलेली पदकं, पेन्शनचे कागद, पलटणीचा लांबलचक ग्रुप फोटो (ज्यात आपले आजोबा नक्की कुठले यावर घरात एकमत नसतं), जाड घोंगडी, इनॅमलचा मग. आणि क्वचित एखाद्या ट्रंकेत अशी वस्तू, जी तिथं असायलाच नको होती.

मी बेळगावचा. टिळकवाडीत वाढलो, तिथंच बीई केलं आणि गेली बारा वर्षं बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आपल्या मंडळात सीमाभागातली घरं बरीच आहेत. गणपतीच्या जेवणावळीत अलीकडे एक विषय दरवर्षी निघतो: गावाकडच्या घराचं काय करायचं? कुणी विकतंय, कुणी पाडून स्लॅब टाकतंय, कुणी नुसतंच कुलूप लावून आलंय. म्हणजे त्या ट्रंका उघडण्याची पाळी आता आपल्या पिढीवर आली आहे. ज्यांनी त्या भरल्या ते सांगायला उरले नाहीत, आणि उघडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बंदूक फक्त मोबाईलच्या गेममध्ये पाहिली आहे. म्हणून या वेळचा प्रवासलेख थोडा वेगळा. बेळगाव ते निपाणी, आणि त्या रस्त्यावरच्या माळ्यांविषयी.

बेळगावला पहाटे उतरून कॅम्पातून एक चक्कर मारली तर आमचा भाग असा का आहे हे न सांगता कळतं. मोठमोठी झाडं, रुंद रस्ते, जुने बंगले, आणि अंधारातच कुठून तरी ऐकू येणारा पन्नास-साठ बुटांचा एकसारखा आवाज. रंगरूट धावत असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं आहे. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, जंगी पलटण, १७६८ ची. १९२२ च्या फेररचनेत मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि बेळगाव हे त्यांचं घर झालं. आता अग्निवीरही इथंच तयार होतात. तळेकर ड्रिल स्क्वेअरवर त्यांची शपथ झाली की गेटबाहेर आई-वडिलांची गर्दी, फोटो, आणि मग कुंद्याची खरेदी. ते दृश्य एकदा तरी बघावं.

सेंटरच्या म्युझियममध्ये जायचं तर आधी परवानगी लागते. मला आत नेलं आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. काकांना यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्याबद्दल विचारायचं नाही, ते आपणहून सांगतात. घाडगे १० जुलै १९४४ ला आणि जाधव ९ एप्रिल १९४५ ला, दोघांनाही इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस, घाडगेंना मरणोत्तर. काकांचा आवाज तिथं नेहमी थोडा खाली येतो.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात राहिली ती वेगळीच गोष्ट. हातबॉम्बचा विषय निघाला तेव्हा काकांनी विचारलं, “छत्तीस एम म्हणतात त्याला. एम म्हंजे काय, सांग बघू?” मी मार्क, मॉडेल असं काहीतरी म्हणालो. “मेसोपोटेमिया!” काका म्हणाले.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मिल्स नावाचा हातबॉम्ब काढला. तो आजच्या इराकमध्ये नेला तर तिथल्या उष्ण, दमट हवेत आतली दारू बिघडायची. म्हणून ३६ नंबरच्या बॉम्बला लाखेचा लेप देऊन तो सीलबंद केला आणि नंबरापुढे मेसोपोटेमियाचा एम लावला. त्याच मेसोपोटेमियात आमच्या मराठा पलटणी होत्या. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या. तो वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला. पुढे १९१८ मध्ये शरकतला ११४ नंबरच्या मराठ्यांनी नाव काढलं, आणि सेंटरमधल्या युद्धस्मारकाला आजही शरकतचंच नाव आहे. हा ३६ नंबरचा बॉम्ब नंतर इतका टिकला की आपल्या सैन्यात त्याची जागा घेणारा नवा ‘मल्टी मोड’ हातबॉम्ब नागपुरात तयार होऊन २०२१ मध्ये सैन्याच्या हातात पडला. शंभर वर्षांहून जास्त काळ एकच डिझाइन. आमच्या क्षेत्रात पाच वर्षं जुना कोड कुणी हातात घेत नाही.

हे सांगण्याचं कारण आहे. आपल्याकडे एक समज पक्का आहे: “इतकी वर्षं झाली, आता काय होतंय त्याला? गंजून मेला असेल.” पण ही वस्तू मुळात ओल आणि उष्णता सोसून चालू राहावी म्हणून बनवलेली आहे. निपाणीच्या चार-दोन डझन पावसाळ्यांनी ती निरुपद्रवी होते असं समजायला काही आधार नाही. उलट, गंजतं ते तिला आवरून धरणारं लोखंड. स्प्रिंग, पिन, कळ. आतली दारू तशीच राहते, आणि काही प्रकारच्या दारूची धातूशी हळूहळू प्रक्रिया होऊन जे क्षार बनतात ते मूळ दारूपेक्षाही लवकर भडकतात. जुनं लोणचं मुरतं तसलाच प्रकार. म्हणजे जुनी झालेली वस्तू मेलेली नसते, ती फक्त लहरी झालेली असते.

बेळगावहून निपाणी पाऊणशे किलोमीटर. हायवेला लागलं की आधी काकती, कित्तूरच्या राणी चन्नम्माचं माहेर. मग वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, आणि तवंदीचा घाट उतरताना खाली निपाणी दिसू लागते. पावसाळ्यानंतर हा रस्ता फार देखणा असतो. ऊस, मधेच तंबाखू, लांबवर सह्याद्रीची निळी रेघ. गाडीची काच खाली केली तर निपाणीत शिरताना तंबाखूचा उग्र वास येतोच. माझ्या बायकोला तो सहन होत नाही, मला त्या वासानं मामाच्या गावची सुट्टी आठवते.

या रस्त्याच्या दोन्ही टोकांना भट्ट्या आहेत. बेळगावात उद्यमबाग, कोल्हापूरकडे गोकुळ शिरगाव आणि शिरोली. ओतकामाचा हा पट्टा भंगारावर चालतो, आणि गावोगावचे भंगारवाले टेम्पो घेऊन “लोखंड, पितळ, बाटली” करत फिरतात ते त्याच साखळीतले. घर रिकामं करताना आपण डोळे मिटून त्यांना सगळं किलोवर देऊन टाकतो. २००४ साली दिल्लीजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातला लष्करी दारूगोळा फुटला आणि १० कामगार गेले. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम सरकारनं कडक केले. ते झालं बंदरावरच्या कंटेनरचं. आपल्या माळ्यावरून निघालेल्या पोत्याची तपासणी कोण करणार? भट्टीसमोर उभा असलेला माणूस आपल्याला दिसत नाही इतकंच.

आता मामांच्या घरी जे झालं ते सांगतो. गाव निपाणीपासून जवळच आहे, नाव लिहीत नाही. माझा आज्जा, म्हणजे आईचे वडील, मराठा पलटणीत हवालदार होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले. गेले त्याला पंचवीस वर्षं झाली. गेल्या एप्रिलमध्ये मामांनी पावसाआधी कौलं उतरवून स्लॅब टाकायचं ठरवलं. माळा रिकामा करायला आम्ही दोन-तीन भाचे-पुतणे जमलो होतो. ट्रंक खाली आली, सोप्यात ठेवली, सगळे भोवती बसले. गणवेश निघाला, पदकं निघाली, मामांचे डोळे भरून आले. तळाशी डालड्याचा जुना डबा होता. मामेभावानं झाकण काढलं. आत तेलकट फडकं, आणि फडक्याच्या फटीतून दिसणारं काळपट, चौकोनी चौकोनी खाचांचं लोखंड. जगभर लोक त्याला अननस म्हणतात. आमच्याकडच्या कुणालाही सीताफळच आठवेल.

क्षणभर कुणाला काही सुचलं नाही. मग सगळे एकदम बोलू लागले. मामा म्हणाले, “आज्जाची आठवण हाय रे. शोकेसात ठेवूया.” मामेभावाला त्याची पिन जागेवर आहे का ते बघायचं होतं. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा तर “मला बघू, मला बघू” करत पुढंच घुसत होता.

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातातलं कणकेचं भांडं तिथंच खाली ठेवून त्या म्हणाल्या, “आधी पोरास्नी भाईर काढा. मग काय त्ये बोला.” आणि नातवाचा दंड धरून त्या स्वतःच बाहेर पडल्या. मामींनी यावरची कुठली सूचना वाचलेली नव्हती. पण त्यानंतर मी जितकं वाचलं, जितक्या लोकांशी बोललो, त्यात पहिलं काम म्हणून याहून वेगळं कुणी काही सांगितलेलं नाही. माणसं बाहेर. वस्तू जिथं आहे तिथं, जशी आहे तशी. झाकण उघडं तर उघडं. हातात घेतलेली असेल तर हळूच तिथंच खाली ठेवायची आणि पुन्हा उचलायची नाही. ट्रंकेत आणखी काय आहे हे बघण्याचा मोह आवरायचा, कारण एक निघाली तिथं दुसरी असू शकते.

आम्ही सगळे अंगणापलीकडे, शेजाऱ्यांच्या पडवीच्याही मागे गेलो. दहा मिनिटांत गल्ली जमली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक जण म्हणाला, वेदगंगेत टाकून या, पाण्यात काय होतंय? दुसरा म्हणाला, शेतात बांधाकडंला खोल पुरून टाका, कशाला पोलिसांचं लफडं. तिसऱ्यानं तर बादलीत पाणी घालून त्यात तो डबा ठेवून मोटारसायकलवरून पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची तयारी दाखवली. मागं बसून बादली कोण धरणार यावर मात्र तो गप्प झाला.

हे तिन्ही उपाय लोक खरंच करतात, म्हणून थोडं बोलतो. नदीचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, वाळू उपसणारे येतात, पोरं पोहायला येतात. शेतात पुरलेली वस्तू दहा वर्षांनी जेसीबीच्या दातात येते, आणि जेसीबीवाल्याला पुरणाऱ्याचं नावही माहीत नसतं. आणि ठाण्यात नेऊन देणं हे सगळ्यांत जबाबदारीचं वाटतं पण सगळ्यांत वाईट, कारण आमच्या गावच्या रस्त्यावर हायवेला लागेपर्यंत किती खड्डे आहेत हे मला पाठ आहे. घर ही निदान एक जागा आहे, रिकामी करता येते. रस्ता रिकामा करता येत नाही.

फोन मी केला. ११२. इथं सीमाभागाची एक खासियत आहे. आमच्याकडे अंगणात उभं राहिलं तर मोबाईलला कर्नाटकाचा टॉवर आणि परसात गेलं तर महाराष्ट्राचा, असली गंमत चालते. अहो, निपाणीचं देवचंद कॉलेजसुद्धा अर्जुननगरला आहे आणि अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात! तेव्हा ११२ ला फोन लावला की आधी राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव स्वच्छ सांगायचं. पलीकडच्या राज्यात लागला तरी घाबरायचं कारण नाही, सांगून मोकळं व्हायचं आणि लगेच आपल्या पोलीस ठाण्यालाही कळवायचं. पलीकडून आवाज आला, “मनि एल्लि ऐत्री?” घर कुठं आहे? मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. बंगळुरात बारा वर्षं काढल्याचा एवढा तरी उपयोग. कन्नड येत नसेल तर मराठीत बोला, हिंदीत बोला. आमच्या भागातल्या पोलिसांना तिन्ही भाषा येतात. ‘बॉम्ब’ हा शब्द तर सगळीकडे सारखाच.

त्यांनी विचारलं ते असं: वस्तू साधारण केवढी, कशात आहे, किती आहेत, कुणी हात लावला, शेवटची कधी हलवली, घरात कुणी उरलंय का, शेजारी गॅस सिलिंडर आहे का. मी लांबूनच सगळं सांगू शकलो. फोटो काढायला परत आत जायला कुणी सांगितलं नाही आणि जाऊही नये. आमच्या एका भावानं आधीच काढलेला एक फोटो होता, तो पोलिसांना दाखवला. फॅमिली ग्रुपवर टाकायला निघाला होता, त्याला मामीनं नुसतं बघितलं.

वीस मिनिटांत दोन पोलीस आले. त्यांनीही आत पाऊल टाकलं नाही. दोरी बांधून गल्ली मोकळी केली आणि आजूबाजूची चार घरं रिकामी करायला लावली. बॉम्ब शोधक व नाशक पथक बेळगावहून यायचं होतं, म्हणजे दीड-दोन तास. त्या दोन तासांत काय झालं? काहीच नाही. लोकांनी चहा केला, म्हशीला पाणी पाजायचं राहिलं म्हणून एका मावशींनी पोलिसाशी हुज्जत घातली, मामा पिंपळाखाली एकटेच बसून राहिले. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा म्हणाले, “आज्जानं आणलं असंल का रे चोरून?” त्यांना बॉम्बपेक्षा हा प्रश्न जास्त टोचत होता. आज्जाचं नाव आता पोलिसांच्या वहीत जाणार.

माझ्या मते आपल्या घरांतून अशा वस्तू बाहेर न येण्याचं खरं कारण हेच आहे. भीती स्फोटाची नसते, बदनामीची असते. आजोबांच्या पदकांशेजारी पंचनामा नको. त्यावर कायद्याचं बोलायचं तर १९०८ च्या स्फोटक पदार्थ कायद्यात संशयास्पद परिस्थितीत स्फोटक जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, आणि हत्यारं व दारूगोळ्यासाठी १९५९ चा शस्त्र कायदा आहे. आता संशयास्पद काय? ट्रंक उघडल्यावर अर्ध्या तासात फोन करणं, की कळूनसुद्धा वर्षभर कपाटात ठेवणं? मामांना मी एवढंच म्हणालो, की आज्जा गेल्यावर ही वस्तू कुणाचीच नव्हती. आज दुपारी ती तुम्हाला कळली. आता सांगितलं नाही तर ती तुमची होईल.

पथक आलं. जाड सूट घातलेला एक जण आत गेला, बाकीचे लांब थांबले. पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी ती वस्तू वाळूच्या पेटीतून बाहेर आणली आणि मग उरलेली ट्रंक, माळा, सोप्याचा कोपरा, सगळं तपासलं. मामेभावानं न राहवून त्यांच्या साहेबांना विचारलंच, “सर, लाइव्ह होता का?” साहेब हातमोजे काढत म्हणाले, “आम्ही सगळ्यालाच लाइव्ह म्हणतो.” पुढे काही दिवसांनी कळलं, की कोर्टाची परवानगी घेऊन वापरात नसलेल्या एका खाणीत तो उडवून दिला.

सगळं फुकटात झालं असं मात्र नाही. मामांना जबाब द्यायला दोनदा ठाण्यात जावं लागलं, एक अख्खा दिवस बाकावर बसून काढावा लागला, आणि कन्नडमध्ये लिहिलेल्या पंचनाम्यावर सही करण्याआधी तो मराठीत वाचून दाखवा असा हट्ट धरावा लागला. हट्ट धरल्यावर वाचून दाखवला. गावात आठवडाभर “बॉम्बवाल्यांचं घर” अशी ओळख झाली. गुन्हा दाखल झाला नाही. गवंडी दुसऱ्या दिवशी कामावर आले, तेवढंच दोन खाडे.

घरी परतल्यावर मी या विषयावर शोधत बसलो तेव्हा लक्षात आलं की आपण एकटे नाही. बेल्जियममध्ये ईप्रच्या शेतांतून पहिल्या महायुद्धातले तोफगोळे आजही नांगराला लागतात. त्या आघाडीवर भारतीय सैनिकही लढले होते. तिथले शेतकरी गोळे रस्त्याकडेला ठेवतात आणि लष्कराची गाडी ते गोळा करत फिरते. त्याला ते लोखंडाचं पीक म्हणतात. (ते पिढ्यान्‌पिढ्या हे करत आले आहेत. आपण रस्त्याकडेलासुद्धा नेऊन ठेवायचं नाही.) ३ सप्टेंबर २०१७ ला फ्रँकफर्टमध्ये दुसऱ्या महायुद्धातला एक ब्रिटिश बॉम्ब निकामी करण्यासाठी ६० हजारांहून जास्त लोकांना घराबाहेर काढलं होतं. रुग्णालयांसकट. रविवार होता, लोक पिशव्या भरून नातेवाइकांकडे गेले आणि संध्याकाळी परत आले. एप्रिल २०२२ मध्ये एका अमेरिकन कुटुंबानं गोलान टेकड्यांवर सापडलेला तोफगोळा आठवण म्हणून सामानात भरला आणि थेट इस्रायलच्या बेन गुरियन विमानतळावर काढून दाखवला. पळापळीत एक माणूस जखमी झाला. फिरायला जाणाऱ्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. किल्ल्यावर, जुन्या रणभूमीवर, फायरिंग रेंजजवळ जे पडलंय ते पडू द्यावं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर मुंबई आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन बोट फुटली. त्यात ६६ अग्निशामक जवान गेले आणि त्यांच्या आठवणीत १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या गोदीतल्या गाळात २०११ मध्येही एक जिवंत गोळा सापडला आणि तो निकामी करायला लष्कराला बोलवावं लागलं. ६७ वर्षं, तीही समुद्राच्या पाण्यात! वेदगंगेत टाका म्हणणाऱ्यांना मी आता हेच सांगतो. आणि हे काम तज्ज्ञांनाही सोपं नाही. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्ध्याजवळ पुलगावला जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन ६ जण गेले. त्यात आसपासच्या गावांतले मजूर होते. लष्कराचं भांडार जवळ, नियम सगळे ठरलेले, तरी असं होतं. मग आपला मामेभाऊ पक्कड घेऊन सोप्यात बसला तर?

एक गोष्ट राहिली, पितळी नळकांड्यांची. तोफेच्या रिकाम्या पुंगळ्या घासून-पुसून फुलदाणी, उदबत्तीचं घर, छत्र्या ठेवायचा स्टँड करायची पद्धत आमच्या भागात घरोघरी आहे. बहुतेक खरोखर रिकाम्याच असतात. पण बुडाशी मधोमध जी गोल टिकली असते, तिच्यात पेटवायची दारू असते. ती उडालेली आहे की नाही हे पॉलिशच्या चकाकीवरून कळत नाही. बंदुकीच्या सुट्या गोळ्या, किल्लीला अडकवलेलं काडतूस, पेपरवेट म्हणून ठेवलेला छोटा गोळा यांचंही तेच. घरात असेल तर तापवू नका, ठोकू नका, भोक पाडून त्यात बल्ब बसवायला सुताराकडे देऊ नका. पोलिसांना सांगून एकदा बघून घ्या.

पदकं आणि कागद मात्र जपा. आज्जाचं पेबुक आणि डिस्चार्जचा कागद आम्ही स्कॅन केला. काका म्हणाले, की त्यावरच्या नंबरावरून बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसला रीतसर पत्र लिहा, कुठं कुठं होते याची नोंद मिळते का विचारा. ते पत्र मामांनी स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलं, मी त्याचं इंग्रजी केलं.

तिकडे आमच्या गल्लीत आता वेगळीच गडबड सुरू झाली आहे. समोरच्या घरातले माजी नायक, वय ब्याऐंशी, यांच्या देवघरात अशी एक पितळी पुंगळी पन्नास वर्षं उदबत्त्या सांभाळत होती. आमचा प्रकार झाल्यावर सुनेनं ती अंगणाच्या टोकाला असलेल्या न्हाणीघरात ठेवायला लावली. म्हातारबुवा रुसून दोन दिवस पूजेला बसले नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःच ठाण्यात फोन करून माणूस मागवला. तो आला, बघून गेला, रिकामी आहे म्हणाला. तरीही सुनेनं ती परत देवघरात येऊ दिली नाही. आता तिच्यात अंगणातली तुळशीची कापलेली देठं ठेवतात, आणि दिवाळीला गेलो तेव्हा म्हातारबुवा मला हाताला धरून ती दाखवायला घेऊन गेले.